'हिज' म्हणजे 'त्याचा' नव्हे

मराठी बिघडली आहे, अशी तक्रार करण्याचा आपल्याकडे एक ठरलेला विधी आहे. तक्रार करणारा एखादा उतारा घेतो, त्यातले इंग्रजी शब्द मोजतो, त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने वही मिटतो. सावरकरांच्या भाषाशुद्धीपासून आजच्या वाचकांच्या पत्रव्यवहारापर्यंत या विधीत फारसा फरक पडलेला नाही. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. टेबल, स्टेशन, पेन या शब्दांनी मराठीचे काही वाकडे केलेले नाही. मराठी वाक्य वाकडे होत आहे ते 'त्याचा', 'तिची', 'त्यांचे' या सोज्ज्वळ, अस्सल मराठी शब्दांमुळे. शब्द आपले आहेत; परंतु ज्या जागी ते आज येऊन बसतात, ती जागा इंग्रजी वाक्यातली आहे. वेशीवर शब्दांची झडती घेणाऱ्या भाषारक्षकांच्या डोळ्यांदेखत ही घुसखोरी चालू आहे, आणि तिचे मूळ वर्गावर्गांतून शिकवल्या जाणाऱ्या एका खोट्या समीकरणात आहे: 'हिज' म्हणजे 'त्याचा', 'हर' म्हणजे 'तिचा', 'देअर' म्हणजे 'त्यांचा'.

समीकरण खोटे का, ते आधी पाहू. कोणत्याही इंग्रजी कथेत खपून जाईल असे एक वाक्य घेऊ: 'ही टुक ऑफ हिज हॅट, पुट हिज हॅन्ड इन हिज पॉकेट अँड लुक्ड ॲट हिज वाइफ.' एका वाक्यात चार 'हिज'. भाषांतरित म्हणून आपल्या हाती पडणाऱ्या गद्यात हे वाक्य असे उतरते: 'त्याने त्याची टोपी काढली, त्याचा हात त्याच्या खिशात घातला आणि त्याच्या पत्नीकडे पाहिले.' व्याकरणाची एकही चूक नाही. लिंग, वचन, विभक्ती सगळे यथास्थित. तरीही मराठी कानाला हे वाक्य ऐकताना प्रश्न पडतो की टोपी कोणाची, खिसा कोणाचा आणि, सभ्य वाचकाला पडू नये असा प्रश्न म्हणजे, पत्नी कोणाची? 'त्याने टोपी काढली, हात खिशात घातला आणि बायकोकडे पाहिले', एवढे म्हटले की मराठीत काम संपते. मालकी सांगावी लागत नाही, कारण ती कोणी नाकारलेलीच नाही.

मग इंग्रजीला चार वेळा 'हिज' का लागतो? इंग्रज माणूस आपल्या हातापायांच्या मालकीबद्दल अधिक जागरूक असतो म्हणून नव्हे. कारण निव्वळ व्याकरणाचे आहे. इंग्रजीत मोजता येणारे एकवचनी नाम सहसा उघडे राहू शकत नाही. त्याच्या आधी एक जागा असते आणि ती भरावीच लागते. तिथे 'अ' येईल, 'द' येईल, 'धिस' येईल किंवा 'हिज' येईल. काहीतरी आले पाहिजे. 'अ हॅन्ड' म्हटले तर कुठला तरी एक हात, जणू वाटेत सापडलेला. 'द हॅन्ड' म्हटले तर आधी ज्याचा उल्लेख झाला तो विशिष्ट हात. दोन्ही सोयीचे नाहीत, म्हणून 'हिज'. म्हणजे इथला 'हिज' मालकी सांगण्यापेक्षा रिकामी जागा भरण्याचे काम अधिक करतो. क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांनी १९८५ च्या त्यांच्या बृहद्व्याकरणात 'माय', 'हिज', 'हर' यांना 'द' आणि 'धिस' यांच्याच पंक्तीला, निर्धारकांच्या वर्गात, बसवले ते यासाठी. एका जागेवर दोघे बसू शकत नाहीत. म्हणून 'अ माय फ्रेंड' होत नाही, 'द माय बुक' होत नाही, आणि 'अ फ्रेंड ऑफ माइन' असा वळसा घ्यावा लागतो. मराठीत 'माझा एक मित्र' आणि 'माझे ते पुस्तक' बिनदिक्कत चालते. कारण मराठीत ती जागाच नाही.

इथे एक गंमत आहे. शालेय इंग्रजी व्याकरणात 'माय', 'हिज' यांना 'पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह', म्हणजे मालकीदर्शक विशेषण, म्हणण्याची प्रथा आहे. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाने त्यांना 'ॲडजेक्टिव्ह प्रोनाउन' ठरवले, तेव्हापासून हे विशेषणपण त्यांना चिकटलेले आहे. परंतु विशेषणासारखे वागतो तो इंग्रजी 'हिज' नव्हे. विशेषणासारखा वागतो तो मराठी 'माझा'. 'चांगला-चांगली-चांगले' तसा 'माझा-माझी-माझे'. षष्ठी ही विभक्ती मानावी की साधित विशेषण, हा आपल्या व्याकरणातला जुना वाद याच वागणुकीतून उभा राहतो. म्हणजे जे नाव मराठी शब्दाला शोभले असते ते इंग्रजी शब्दाला दिले गेले आणि त्या नावाच्या आधारे दोन्ही शब्द एकच आहेत असे शिकवले गेले. तर्खडकरी भाषांतरमालांवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांच्या मनात हे समीकरण पाढ्यासारखे बसले. पाढ्याबद्दल कोणी शंका विचारत नाही.

समीकरण एका बाजूनेच फसते असेही नाही. इंग्रजीत एक असा वाक्यबंध आहे की जिथे सर्वनाम आले की मालकीचा शब्द माघार घेतो. 'ही टुक हर बाय द हॅन्ड.' 'शी लुक्ड हिम इन दि आय.' 'समवन हिट मी ऑन द हेड.' ज्याच्या शरीराला स्पर्श झाला ती व्यक्ती 'हर', 'हिम', 'मी' या रूपाने आधी कर्म म्हणून येते. मग अवयवाच्या आधी 'हर' किंवा 'हिज' न येता नुसता 'द' येतो. मालक वाक्यात हजर झाला, आता मालकी वेगळी सांगण्याची गरज उरली नाही. मराठीत मात्र नेमकी इथेच षष्ठी लागते: 'त्याने तिचा हात धरला', 'तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला', 'कोणीतरी माझ्या डोक्यात मारले'. जिथे इंग्रजीला 'हिज' हवा तिथे मराठीला काही नको; जिथे मराठीला 'त्याचा' हवा तिथे इंग्रजीचे 'द'वर भागते. इतका सरळ उलटा व्यवहार ज्या दोन शब्दांत आहे, ते शब्द समानार्थी म्हणून फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणे ही शिकवण्याची सोय नव्हे. ती दिशाभूल आहे.

मराठीची व्यवस्था सांगायला फार जागा लागत नाही. हात, डोळे, टोपी, आई, बायको अशा सहज नात्यातल्या गोष्टींचा धनी वाक्याचा कर्ता असेल तर मालकीचा शब्द येत नाही: 'त्याने हात धुतले'. धनी कर्ता नसेल तर षष्ठी येते: 'त्याचा हात मोडला', 'तिचे डोके दुखते'. धनी कर्ता असूनही मालकी सांगणे गरजेचे असेल तर तृतीय पुरुषात 'आपला' येतो: 'सुधीरने आपल्या भावाला बोलावले'. आणि दुसऱ्याच कोणाचा भाऊ असेल तर जाणता लेखक लिहितो: 'सुधीरने त्याच्या भावाला बोलावले'. प्रथम आणि द्वितीय पुरुषात असा घोटाळा संभवतच नाही. म्हणून 'मी माझे काम करतो' हे मराठीला चालते, जिथे हिंदीला 'अपना'च लागतो. यात आणखी दोन दागिने आहेत. एक 'आपापला': 'प्रत्येकाने आपापले पुस्तक उघडले.' इंग्रजीत या जागी 'हिज' की 'देअर' हा वाद अनेक पिढ्या चालला. ब्रिटिश संसदेने १८५० साली कायद्यांच्या भाषेपुरते पुल्लिंगात स्त्रीलिंगही धरावे असा कायदाच केला. 'आपापल्या'त मालकाचे लिंग नाही, आणि वाटणी मात्र आहे. दुसरा दागिना म्हणजे 'आमचा' आणि 'आपला' यांतला भेद. इंग्रजी 'अवर व्हिलेज'मध्ये ऐकणारा गावचा आहे की परका, हे कळत नाही. मराठीत ते सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही. प्रस्तुत लेखातही 'आम्ही' म्हणजे लिहिणारे आणि 'आपण' म्हणजे लिहिणारे व वाचणारे, हे वाचकाला सांगावे लागलेले नाही.

'आपला' निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. 'सुधीरने मोहनला आपल्या घरी जायला सांगितले', या वाक्यात घर सुधीरचे की मोहनचे, हा संशय उरतोच. प्रसंगी ते बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचेही असू शकते. परंतु कोण्या तिसऱ्याच गृहस्थाचे घर इथून बाहेर गेले. इंग्रजी 'हिज'मध्ये सुधीर, मोहन आणि तो तिसरा असे तिघेही दाटीवाटीने बसतात.

हे सारे इंग्रजीला मुळातच नव्हते असेही नाही. प्राचीन इंग्रजीत 'सीन' असे एक स्वामित्वदर्शक सर्वनाम होते, कर्त्याकडे परतून बोट दाखवणारे; मुख्यतः काव्यात आढळणारे. 'बेओवुल्फ'मध्ये ते आहे. लॅटिन 'सुउस', संस्कृत 'स्व' यांच्या गोत्रातले हे सर्वनाम. (आपल्या 'आपला'चे गोत्र वेगळे, ते 'आत्मन्'चे, काम मात्र तेच.) डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक या भाषांनी त्याचे भाऊबंद आजवर सांभाळले. इंग्रजीने ते गमावले आणि सगळा भार एकट्या 'हिज'वर टाकला. त्या काळचा 'हिज' तर निर्जीवांचेही ओझे वाही. 'इट्स' हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले, आणि १६११ च्या बायबलच्या भाषांतरातही निर्जीवांसाठी 'हिज' सर्रास आढळतो. गमावलेला भेद भरून काढायला इंग्रजीला 'ओन' हा शब्द कामाला लावावा लागला: 'हिज ओन ब्रदर'. तात्पर्य, एका भाषेने जी सोय हरवली आणि जिच्यावाचून तिला आजही ठिगळ लावावे लागते, ती सोय आपण धडधाकट असताना, त्याच भाषेची नक्कल करण्याच्या नादात, फेकून देत आहोत.

साहित्याच्या अध्यापकांना हा व्याकरणाचा किरकोळ मामला वाटत असेल, तर दोन शीर्षके त्यांच्यापुढे ठेवतो. ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' (१८४२) ही कविता आपल्या कित्येक अभ्यासक्रमांतून शिकवली गेली आहे. पत्नीचे चित्र पडद्याआड ठेवून तो पडदा सरकवण्याचा अधिकार स्वतःकडेच राखणारा हा सरदार, पत्नीला वस्तू समजतो, हे प्रत्येक मार्गदर्शकात लिहिलेले असते. परंतु ही मालकी ज्या शब्दात आहे तो 'माय' इंग्रजी वाचकाच्या नजरेतून सुरुवातीला निसटतो, कारण तो तिथे असणारच होता. कोणताही नवरा इंग्रजीत 'माय वाइफ'च म्हणतो. व्याकरणच तसे म्हणायला लावते. भरावी लागणारी ती जागा हा सरदाराचा आडोसा आहे, आणि कविता पुढे सरकते तसा जागाभरू 'माय' हळूहळू सातबाऱ्याचा 'माय' होतो. मराठीत 'माझी' म्हटले की ते पहिल्या क्षणीच ठळक होते, आडोसा राहत नाही. हा फरक विद्यार्थ्याला दाखवायचा तर 'माय म्हणजे माझी' एवढ्यावर कसे भागेल? व्हर्जिनिया वुल्फच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) या पुस्तकाचे नाव पाहा. 'वन्स' इथे जवळपास कोणीही. सगळा भार 'ओन'वर. मराठीत 'आपली खोली' म्हटले तर त्यात घरातले सगळे शिरतात आणि पुस्तकाचा मुद्दाच बुडतो. 'स्वतःची' हा शब्द शोधावा लागतो. हा शोध म्हणजेच भाषांतर. पाढा म्हणणे म्हणजे भाषांतर नव्हे.

आता मराठी गद्याची हानी. मराठीत जिथे मालकीचा शब्द लागत नाही तिथे तो मुद्दाम वापरला तर काहीतरी घडते. 'त्याने हात पाहिला' आणि 'त्याने स्वतःचा हात पाहिला' यांत अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात माणूस स्वतःच्या शरीरापासून किंचित दूर उभा राहतो. आजारपण, अपराध, म्हातारपण लिहिणाऱ्या कथाकाराला हे अंतर फार मोलाचे. परंतु ज्या गद्यात पानोपानी लोक 'त्यांचे डोळे' मिटतात, 'त्यांची मान' हलवतात आणि 'त्यांच्या खुर्चीत' बसतात, तिथे हे शस्त्र बोथट होते. सर्वत्र मीठ पसरल्यावर चव कुठे घालायची?

काही सावध लेखक 'त्याचा' खोडून 'आपला' घालतात आणि भाषा वाचवली असे मानतात. तेही अर्धवटच. 'त्याने आपले मन बदलले' हे आपल्याला हवे असलेले मराठी नव्हे. मराठीत विचार बदलतो, बेत फिरतो. 'त्याने आपला जीव गमावला' असे बातम्या सांगतात. मराठीत जीव जातो, माणूस प्राणास मुकतो. 'तुमचा वेळ घ्या' असे आता मोठ्या सौजन्याने सांगितले जाते. मराठी माणूस 'सावकाश होऊ द्या' म्हणत असे. या तिन्ही ठिकाणी चूक 'आपला' की 'तुमचा' या निवडीची नाही. इंग्रजी वाक्यातली भरलेली जागा मराठीत तशीच भरली, ही चूक आहे. 'आपला विश्वासू' ही पत्राअखेरची सहीसुद्धा याच घराण्यातली. ती रुळली, असो. प्रत्येक रुळलेली गोष्ट उखडायला आम्ही निघालेलो नाही.

यापेक्षा मोठी हानी माणसांची आहे. मराठी माध्यमातली मुलगी इंग्रजीच्या वहीत लिहिते: 'ही पुट हॅन्ड इन पॉकेट.' तिच्या वाक्यावर लाल रेघ येते. ती रेघ रास्तच आहे. इंग्रजीत ते वाक्य चूक आहे. परंतु का चूक आहे हे तिला कोणी सांगत नाही. तिच्या भाषेच्या नियमानुसार तिने अगदी तर्कशुद्ध वाक्य लिहिले आहे: धनी कर्ता आहे, मालकी सांगण्याची गरज नाही. 'तुझ्या भाषेत ही जागा नाही, इंग्रजीत आहे आणि ती भरावी लागते', एवढे एक वाक्य तिला पुरले असते. त्याऐवजी तिला मिळते ते 'कच्ची आहे' हे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. इतक्या वर्षांत दोन भाषांच्या वाक्यरचनेतला हा तुलनेचा एक धडा पाठ्यक्रमात रुजू नये, याला काय म्हणावे? तीच मुलगी पुढे मराठी घेऊन एम.ए. करते, भाषांतराचे काम मिळवते आणि लाल रेघेची धास्ती मनात धरून मराठीतही प्रत्येक नामाआधी 'त्याचा' लिहू लागते. आधी तिचे इंग्रजी न समजावता खोडले, मग तिचे मराठी न समजावता बिघडवले. आणि परिसंवादात आपणच विचारतो, हल्लीच्या मुलांना मराठी का येत नाही?

आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला: भाषा बदलतच असते. बदलते, निश्चित. इंग्रजीच्या संगतीने मराठी गद्याला परिच्छेद मिळाला, विरामचिन्हे मिळाली, निबंध मिळाला. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु उसनवारीची एक कसोटी असते: घेतल्याने सामर्थ्य वाढले की घटले? विरामचिन्हांनी वाढले. सरसकट 'त्याचा'ने घटते, कारण 'आपला' आणि 'त्याचा' यांतला भेद पुसला जातो आणि त्या बदल्यात हाती काही पडत नाही. दुसरा आक्षेप: मूळ लेखकाशी निष्ठा हवी. निष्ठा अर्थाशी असावी; व्याकरणाच्या सक्तीशी निष्ठा कसली? मूळ लेखकाने 'हिज' निवडलेला नसतो, त्याच्या भाषेने तो त्याच्याकडून वसूल केलेला असतो. लेखकाने खरोखर निवडलेला 'हिज' कोणता आणि भाषेने वसूल केलेला कोणता, हे ओळखणे हीच भाषांतरकाराची निष्ठा. तिसरा आक्षेप जरा कुजबुजीतला: मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजीच्या वाक्याबद्दल का बोलावे? कारण इंग्रजी वाक्याचा साचा मराठी वाक्यावर बसला आहे, आणि तो कुठे बसला आहे हे ज्यांना मराठी वाक्य ठाऊक आहे त्यांनाच दिसणार. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन्ही साच्यांच्या छायेत घडले. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून त्या साच्यांची चिकित्सा केली. चिकित्सेची ती परंपरा पुढे न्यायची, की परीक्षेपुरती विभक्तीची कोष्टके पाठ करून घ्यायची, हे आपण ठरवायचे आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. भाषांतराच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात एक तास 'हिज'साठी ठेवावा. इंग्रजी उतारा देऊन त्यातले मालकीचे शब्द अधोरेखित करायला सांगावे, मग मराठीत त्यांतले किती उरतात आणि का उरतात, हे विचारावे. इंग्रजीच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी हा तास मिळून घ्यावा; दोन विभागांमधला व्हरांडा ओलांडायला शासननिर्णय लागत नाही. संपादकांनी मुद्रिते तपासताना ऱ्हस्व-दीर्घाइतकीच नजर अनावश्यक 'त्याच्या-तिच्या'वर ठेवावी. आणि शाळेतल्या मुलीच्या वहीतल्या लाल रेघेशेजारी कारणाची एक ओळ लिहावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या, फलक लागले. भाषा प्राचीन आहे हे सिद्ध झाले. ती आजही स्वतःच्या चालीने वाक्य रचते का, हे मात्र ताम्रपटांवरून सिद्ध होणार नाही. ते सिद्ध होईल उद्याच्या भाषांतरातल्या एका साध्या वाक्यात, जिथे एक माणूस टोपी काढतो, हात खिशात घालतो आणि बायकोकडे पाहतो. आणि ती बायको कोणाची, हे वाचकाला विचारावे लागत नाही.